गॅल्व्हनाइजचा ताप आणि मालकाचं 'बघू की'

मागच्या अंकात गॅस कटरनं भाजलेल्या हाताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की यावेळचा अख्खा कॉलम वेल्डिंगलाच द्यावा लागतोय. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. उद्यमनगरात सव्वीस वर्षं काढली, आधी हेल्पर, मग वेल्डर, मग सुपरवायझर, त्यामुळं धूर पण खाल्लाय आणि धूर खाणाऱ्यांच्या हजेऱ्या पण मांडल्यात. औषधाचं आणि कायद्याचं जे लिहितो ते ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आणि लेबर कोर्टात उभे राहणारे एक वकील, दोघांना वाचून दाखवूनच लिहितो. नावं कुणाचीच छापत नाही, कारण इथं शिरोलीत शिंकलं की गोकुळ शिरगावला ऐकू जातंय.

प्रश्न : दादा, मी कागलकडं गोठ्याची शेडं करतो, जीआय पाइपची. वय २७. सोमवारी काम केलं की रात्री हमखास ताप, दात वाजेपर्यंत थंडी, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव. सकाळी एकदम ओके, परत कामाला जातो. मलेरिया टायफॉइड दोनदा तपासून झालं, काही निघत नाही. शेठ म्हणतोय गूळ खा, दूध पी, सगळ्यांनाच होतंय. बायको म्हणते बाहेरचं काहीतरी लागलंय. नक्की काय आहे?

उत्तर : वहिनी बरोबर बोलतात, बाहेरचंच लागलंय, फक्त ते भूत नाही, जस्त आहे. जीआय पाइपवर जो चकचकीत थर असतो तो जस्ताचा. जस्त साधारण ९०७ अंशाला उकळतं आणि लोखंड वितळायलाच दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे तुमचा टाका बसायच्या आधीच तिथलं जस्त वाफ होऊन उडालेलं असतं. ती वाफ हवेत आली की पांढरा धूर होतो, आणि कधी कधी शेजारच्या अँगलवर कापसाचे तंतू चिकटल्यासारखं दिसतं ना, तेच ते. ते छातीत गेलं की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, तोंडाला धातूची चव. म्हणूनच काम दुपारी आणि ताप रात्री, आणि म्हणूनच कुणाला दोन्हीचा संबंध लागत नाही. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. याला मेटल फ्युम फिव्हर म्हणतात आणि सोमवारचं कोडं पण जुनंच आहे, सलग दोन-तीन दिवस धूर घेतला की शरीर थोडं सरावतं, रविवारच्या सुट्टीत तो सराव उतरतो, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या देशात याला सोमवारचा ताप असंच नाव पडलं होतं.

आता गूळ. गुळाला मी नावं ठेवणार नाही, कोल्हापुरात राहून ते परवडायचं नाही. पण गूळ जातो पोटात आणि धूर जातो छातीत, दोन्ही नळ्या वेगळ्या. दुधाचं पण तेच. आमच्या शेडवर रोज चार वाजता गुळाचा खडा आणि शेंगदाणे मिळायचे, आम्ही खूश, मालक पण खूश, कारण एक्झॉस्ट पंख्यापेक्षा गुळाची ढेप कितीतरी स्वस्त पडते. खा की, मी पण खाल्लाय, फक्त त्याला औषध समजू नका.

करायचं काय ते सांगतो. टाका मारायच्या जागेपासून दोन्ही बाजूला तीन-चार बोटं जस्त ग्राइंडरनं घासून काढा, खालचं काळपट लोखंड दिसेपर्यंत. पाइपच्या आत पण जस्त असतंय, तिथं हात पोचत नाही, म्हणून घासलं तरी थोडा धूर येणारच. वेल्ड झाल्यावर त्या जागेला झिंकचा पेंट मारा, नाहीतर दोन पावसाळ्यात गंज आणि गोठ्याचा मालक तुमच्या नावानं शंख करतोय. दुसरं म्हणजे डोकं. नव्वद टक्के पोरं जॉबवर वाकून, धुराच्या खांबातच तोंड घालून टाका मारतात, कारण तिथनं चांगलं दिसतं. वाऱ्याची दिशा बघा आणि धूर तोंडासमोरनं बाजूला जाईल असं उभं राहा, एका पावलाचा फरक असतो. शेडमध्ये असाल तर पंखा पाठीमागनं फुंकण्यापेक्षा जॉबजवळनं धूर ओढणारा हवा. आणि रुमाल, स्कार्फ, तो निळा सर्जिकल मास्क यातलं काहीच चालत नाही, धुराचा कण कापडाच्या विणीतनं आरपार जातो. निदान एन ९५, आणि रोजचंच काम असेल तर फिल्टरचा रबरी मास्क घ्या, हेल्मेटखाली बसतो. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते, हे पोरांना सांगितलं की तोंडं पडतात, पण खरं आहे ते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. दुसऱ्या दिवशी ताप उतरायच्या ऐवजी छाती आवळायला लागली, दम लागायला लागला, तर तो जस्ताचा ताप नाही, सरळ दवाखाना गाठा. कॅडमियमचा धूर सुरुवातीला अगदी असाच वाटतो, साधा ताप आला म्हणून माणूस झोपतो आणि एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरून जीव जातो. जुने पिवळसर झाक असलेले प्लेटिंगचे नटबोल्ट, चांदीचा टाका मारायच्या काही रॉड, यात कॅडमियम असू शकतं. हुपरीकडचे जे दागिने घडवणारे वाचक असतील त्यांना टाक्याचा केडीएम हा शब्द माहीत आहे, तो त्याच कॅडमियमवरनं आलाय. आणि दवाखान्यात गेल्यावर कृपा करून 'प्रायव्हेट जॉब' असं सांगू नका, 'आज जीआय पाइपला वेल्डिंग केलं' असं सांगा. तुमचं मलेरियाचं दोनदा रक्त गेलं ते या एका वाक्याअभावी.

प्रश्न : मी हेल्पर आहे, जॉब धरायचं काम करतो, वेल्डिंग नाही करत. तरी रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन उठलो, पाणी थांबेना. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. मित्रानं एक ड्रॉप दिला, घातला की पाच मिनिटात गार वाटतं. तो घालत राहू का?

उत्तर : नको. तो बहुतेक डोळा बधिर करायचा ड्रॉप असणार, तपासणीच्या वेळी डॉक्टर एखादा थेंब घालतात तो. घरी घालत बसलात तर दुखणं कळत नाही पण जखम भरायची थांबते आणि बुबुळावर व्रण पडून नजर जाते. बाटली आजच फेकून द्या.

तुम्हाला लागलाय तो फ्लॅश, म्हणजे वेल्डिंगच्या प्रकाशानं डोळा भाजणं. वेल्डर काचेमागं असतो आणि जॉब धरणारा उघड्या डोळ्यानं तोंड वळवून उभा असतो, 'मान वळवली की झालं' असं आम्हीच शिकवायचो, आमचीच चूक. पत्र्यावरनं आणि भिंतीवरनं उलटून येणारा प्रकाश पण जाळतो. उन्हानं पाठ सोलते तसाच बुबुळावरचा पडदा सोलतो, कळ सहा ते बारा तासांनी येते, एक-दोन दिवसांत बहुतेक वेळा भरून निघतं. अंधारात पडून राहा, स्वच्छ कापडाची गार पट्टी वरनं ठेवा, डोळे चोळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवा. बटाटा, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, गुलाबपाणी, यातलं काहीही डोळ्याच्या आत नको, सोललेल्या जागेला जंतू लागायला तेवढंच निमित्त पुरतं. आणि एकच डोळा दुखत असेल तर तो फ्लॅश नाही असंच धरून चाला, कण गेलाय, तो काढावा लागणार. हेल्परला पण स्वतःची काच पाहिजे. गॅस वेल्डिंगचा हिरवा गॉगल साधारण पाच नंबरचा असतो, आर्कला दहा-अकराच्या पुढंच लागतो, त्यामुळं तो गॉगल घालून समाधान मानू नका.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझे मिस्टर ऊस वाहायच्या ट्रॉल्या करायच्या शेडवर वेल्डर होते, सगळी मिळून सात माणसं, हे ठेकेदाराकडून. वय ३५, पगार महिना १८,००० रोख. फेब्रुवारी २०२५ मध्ये हँड ग्राइंडरचं चाक फुटून तुकडा उजव्या डोळ्यात गेला. ऑपरेशन दोन झाली, नजर आली नाही, डोळा जागेवर आहे. ठेकेदारानं दहा हजार दवाखान्याला दिले आणि शंभरच्या स्टॅम्पवर 'माझी काही तक्रार नाही' अशी सही घेतली. शेडचा मालक म्हणतो हा माझा माणूसच नाही. वर म्हणतात गॉगल घातला नव्हता, त्याची चूक. विचारायला गेलं की 'बघू की वहिनी'. आता काय होऊ शकतं का?

उत्तर : ताई, होऊ शकतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, थोडं लांबड लावून लिहितो, सांभाळून घ्या.

आधी ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं बघू, कारण तिथंच बरेच लोक गडबडतात. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१,००० च्या आत असेल तर ईएसआय लागतो, आणि तो लागत असेल तर कामावरच्या अपघाताचा दावा तिकडंच, दोन्हीकडून घेता येत नाही. मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, ईएसआय कॉर्पोरेशन मालकाकडनं वसूल करतं. तुमच्याकडं सातच माणसं, म्हणजे तुमचा रस्ता १९२३ च्या नुकसान भरपाई कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात गेला, पण तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळं हिशेब जुन्यानंच.

आता हिशेब मांडतो, वहीत उतरवून घ्या. पगार कितीही असला तरी या हिशेबाला वरची मर्यादा १५,००० आहे, त्यामुळं १८ चे १५ धरायचे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या शेवटी वयाप्रमाणे एक आकडा दिलाय, ३५ वर्षाला तो १९७.०६ आहे. गुणाकार केला की १७,७३,५४०. ही झाली पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर मिळणारी रक्कम. एका डोळ्याची नजर गेली, डोळा जागेवर आहे आणि दुसरा चांगला आहे, तर त्याला परिशिष्टात ३० टक्के लिहिलेत. म्हणजे ५,३२,०६२ रुपये. डोळाच काढावा लागला असता तर ४० टक्के. शिवाय दवाखान्याची बिलं वेगळी, प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढा मालकानं द्यायचा असतो, आणि ठेकेदारानं उपचाराला दिलेले दहा हजार या भरपाईतनं कापता येत नाहीत. अपघातानंतर महिन्याभरात पैसे द्यायला हवे होते, दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, आणि उशिराला काही सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड पण लागू शकतो. एवढा मोठा आकडा ऐकून ठेकेदार गडबडून जाईल आणि 'पन्नास हजारात मिटवू' म्हणत घरी येईल, तेव्हा चहा पाजा आणि परत पाठवा.

स्टॅम्पवरच्या सहीची काळजी करू नका. या कायद्यातला हक्क सोडून देणारा करार कायद्यानंच रद्द ठरवलाय, शंभरचा स्टॅम्प असो की पाचशेचा. त्या कागदाचा एक फायदा मात्र आहे, त्यावर ठेकेदाराची सही असेल तर माणूस त्याच्याकडं कामाला होता हे त्यानं स्वतःच लिहून दिलंय. झेरॉक्स मिळाली तर बघा.

'माझा माणूसच नाही' हे पण चालत नाही. ट्रॉल्या करणं हाच त्या शेडचा धंदा, त्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तर मूळ मालक पण जबाबदार असतो, नंतर तो ठेकेदाराकडनं वसूल करू दे नाहीतर दोघं भांडू देत. अर्जात दोघांची नावं घाला.

गॉगलचं थोडं सावकाश सांगतो. कायद्यात अशी अट आहे खरी, की कामगारानं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं किंवा स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला तर मालक सुटू शकतो. पण त्यासाठी आधी गॉगल दिलेला पाहिजे, वापरायचा हुकूम पाहिजे, आणि हे सगळं मालकानं सिद्ध करायचं. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. मिस्टरांना विचारा, शेडवर गॉगल होते का, किती होते, आणि ग्राइंडरचं गार्ड कुठं होतं. मी बघितलेल्या दहातल्या आठ शेडवर गार्ड काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं, कारण गार्ड असलं की मोठं चाक बसत नाही आणि मोठं चाक लावलं की लवकर उरकतं. सात इंची चाक पाच इंची मशीनला लावलं की ते त्याच्या मापापेक्षा जास्त वेगानं फिरतंय आणि फुटतंय. हे काम मुकादमाच्या डोळ्यासमोर रोज होत असेल तर 'त्याची चूक' म्हणायला तोंड राहत नाही.

मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते, तुमची फेब्रुवारी २०२७ पर्यंत. अर्ज कोल्हापूरच्या लेबर कोर्टात, तिथले न्यायाधीशच या कामाचे आयुक्त असतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना, कामगारांना आणि अपंगांना तिथं वकील फुकट मिळतो. निकाल लागला आणि मालकाला अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम भरून मगच, आणि आता ते अपील मुंबईला पण जायचं नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडंच बसतंय.

कागद काय काय लागतील. आधार, वयाचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर, बिलं, अपंगत्वाचा टक्का लिहिलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मिळतं. पगार रोख होता, तरी कधी उचल फोन पे वर घेतली असेल तर ते स्टेटमेंट काढा, शेडवर ट्रॉलीसमोर काढलेले फोटो, मुकादमाचे 'उद्या लवकर ये' असले मेसेज, बरोबरच्या एखाद्याची साक्ष, हे सगळं चालतं. आणि केसपेपर नीट वाचा, 'कसं लागलं' या रकान्यात काय लिहिलंय ते.

हे का सांगतोय तर २००४ साली मी सुपरवायझर असताना आमच्या एका पोराचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं, मालकानं मला बरोबर पाठवलं आणि रस्त्यात सांगितलं की घरी दारात चेंगरलं म्हणायचं. अपघात विभागात डॉक्टरनी विचारलं, पोरगं कण्हत होतं, उत्तर मी दिलं. 'घरी, दारात.' त्यांनी लिहून घेतलं. हाताला ग्रीस लागलेलं, नखात लोखंडाचा चुरा, डॉक्टरनी एकदा हाताकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं, पण लिहिलं मी सांगितलं तेच. तर्जनी पूर्ण जाण्याला परिशिष्टात १४ टक्के आहेत. त्याला शून्य मिळालं. त्याची आई पुढं वर्षभर मला वाटेत दिसली की थांबून 'बरं हाय न्हवं?' असं विचारायची, तिला हे माहीतच नव्हतं.

तर तुमच्या केसपेपरवर 'घरी' असं लिहिलेलं निघालं तरी हात टेकू नका, तो एकमेव पुरावा नसतो, साक्षीदारानं आणि बाकी कागदानं ते खोडता येतं. फक्त अवघड होतंय.

प्रश्न : माझे वडील साखर कारखान्यात वेल्डर होते, मिलच्या रोलरला आर्किंग करायचे, २२ सीझन. आता वय ६१. हात थरथरतात, चालताना पाय घसटत नाहीत तर उलट टाचा उचलून चालल्यासारखं करतात, चेहरा मख्ख झालाय, चिडचिड फार. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात, गोळ्यांचा गुण येत नाही. कामाचा काही संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा होता. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊस गाळताना रोलरचे दात झिजून गुळगुळीत होतात आणि ऊस धरेनासा होतो, म्हणून दातांवर वेल्डिंगचे खडबडीत थेंब टाकत राहावं लागतं, आणि कारखाना थांबवायचा नसतो म्हणून ते चालू मिलवर, फिरत्या रोलरला, वरनं रसाची वाफ आणि बगॅसचा भुसा उडत असताना. ह्या कामाच्या आणि हार्डफेसिंगच्या, म्हणजे झिजणाऱ्या भागावर कडक थर चढवायच्या बऱ्याच रॉडमध्ये मँगनीज आणि क्रोमियम साध्या रॉडपेक्षा जास्त असतं.

मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की मेंदूच्या ज्या भागाकडं हालचालीचा ताबा असतो तिथं तो साठतो. दिसायला पार्किन्सनसारखंच, पण काही खुणा वेगळ्या, स्वभाव आधी बदलतो, मागं पाऊल टाकता येत नाही, चालणं कोंबड्यासारखं चवड्यावर होतं, आणि पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळ्यांना फारसा प्रतिसाद नसतो. तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंच जुळतंय, पण साधा पार्किन्सन वेल्डरला पण होतो, म्हणून निदान मी पत्रावरनं करणार नाही. मेंदूच्या डॉक्टरकडं जाताना एका कागदावर लिहून न्या, किती सीझन, रोज किती तास, कुठल्या रॉड, बंद जागेत की उघड्यावर. एमआरआयवर मँगनीज काही वेळा उजळ दिसतं, पण काम सोडून बरेच महिने झाले की ती खूण पुसट होते, त्यामुळं रिपोर्ट साफ आला म्हणजे संबंध नाही असं नसतं.

कायद्याकडनं बघायचं तर मँगनीजमुळं होणारे आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत, कामावरचा अपघात धरून भरपाई मिळू शकते. फॅक्टरी कायद्यात तर मँगनीजची विषबाधा हा कळवण्याचा रोग होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामाच्या सुरक्षेच्या संहितेत पण आहे, म्हणजे ज्या डॉक्टरना ते दिसलं त्यांनी स्वतः सरकारी कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. किती जण कळवतात ते सोडा. निदान लेखी मिळालं की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ऑफिसात अर्ज द्या आणि त्याच वेळी वकील गाठा, कारण आजारात 'अपघाताची तारीख' कुठली धरायची यावरच निम्मी भांडणं होतात. जुन्या रॉडचं रिकामं पाकीट कुठं मिळालं तर फेकू नका, त्यावरचा ग्रेड लिहून घ्या. वडिलांचे जोडीदार कुणी अजून हयात आणि धडधाकट असतील तर त्यांना भेटा. सीझनला कोण कुठल्या पाळीला होतं ते त्या लोकांना तोंडपाठ असतं.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितोय. मुलीला स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, स्टेनलेसचा वेल्डर, डेअरीच्या टाक्या करतो. आमचे पाव्हणे म्हणतात वेल्डरला कॅन्सर होतो, मुलगी देऊ नका. काय करावं?

उत्तर : काका, कॉलमात अशी पाळी पहिल्यांदाच आली. पाव्हण्यांनी ऐकलंय ते अर्धं खरं आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं वेल्डिंगच्या धुराला गट एक मध्ये टाकलं, त्याआधी १९८९ पासून तो 'कदाचित' वाल्या गटात होता. पण गट एक म्हणजे पुरावा पक्का आहे एवढंच, प्रत्येक वेल्डरला होणारच असं नाही. तंबाखू पण त्याच गटात आहे, उन्हाचा प्रकाश पण. स्टेनलेसच्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम आणि निकेल असतं, त्यामुळं ते साध्या लोखंडापेक्षा वाईट हे खरं. आरगॉन वायूवर टिग वेल्डिंग करत असेल तर धूर बराच कमी, रॉडनं करत असेल तर जास्त. मुलाला तीन गोष्टी विचारा, शेडवर धूर ओढायचं मशीन आहे का, मास्क कुठला वापरतो, आणि सिगारेट ओढतो का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर तिथं काळजी करा, धूर आणि सिगारेट दोन्ही मिळून फुप्फुसाचं वाटोळं करतात. ब्रिटनमध्ये २०१९ पासून साधं लोखंड आत शेडमध्ये वेल्ड करायचं तरी धूर ओढायची सोय सक्तीची केलीय.

आणि टाक्या करतो म्हणताय तर एक माझ्यातर्फे त्याला सांगा, आतनं आरगॉन भरलेल्या टाकीत कधी डोकं घालायचं नाही. आरगॉन हवेपेक्षा जड, तळाला बसतो, वास नाही, खोकला नाही, माणूस वाकला की दोन श्वासात खाली कोसळतो आणि काढायला गेलेला दुसरा पण. आधी हवा मारायची, ऑक्सिजन मोजायचा, बाहेर एक माणूस उभा. बाकी पत्रिका तुम्ही बघा.

प्रश्न : जॉब ब्रेक क्लीनरनं पुसून लगेच वेल्ड केला तर चालतं का? वाय. पी. पोवार नगरात सगळे करतात.

उत्तर : डब्यावर क्लोरो असं काहीही लिहिलं असेल, ट्रायक्लोरो, परक्लोरो, तर अजिबात नाही. आर्कच्या उष्णतेनं आणि अतिनील किरणांनी त्याची वाफ फुटून फॉस्जिन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरला तो विषारी वायू. साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडा करा, मग टाका मारा.

प्रश्न : तुम्ही एवढं सांगताय, तुम्हाला स्वतःला काही झालं नाही का?

उत्तर : झालं की. २०११ मध्ये खोकला जाईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, दोन्ही फुप्फुसात बारीक बारीक ठिपके, रवा सांडल्यासारखे. एका ठिकाणी टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या, थुंकीत काही निघालं नव्हतं तरी. गोळ्या आणायला निघालो होतो तर शेजारच्या काकूंनी या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. त्यांनी एक्स-रे खिडकीला धरला, माझ्या हातावरचे ठिणग्यांचे डाग बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'वेल्डिंग किती वर्षं?' ते ठिपके लोखंडाचे होते, सिडेरोसिस म्हणतात. एक्स-रेवर दिसतं भयंकर, पण निव्वळ लोखंड असेल तर त्रास त्या मानानं कमी, आणि काम सोडल्यावर वर्षा-वर्षानं थोडे पुसट पण होतात. माझा खोकला बिडीचा निघाला. बिडी सोडली. एक्स-रे अजून कपाटावर गुंडाळून ठेवलाय, दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी बायको विचारते की हे टाकू का, आणि मी दरवर्षी म्हणतो, राहू दे.